जुन्या अ‍ॅक्टिव्हाचा पिकअप घरच्या घरी परत आणायचा असेल तर: पहिल्यांदाच पाना हातात घेणाऱ्यांसाठी

माझी स्कूटर २०१६ सालची, कार्बोरेटरवाली अ‍ॅक्टिव्हा. आधी बाबा चालवायचे, नंतर ती माझ्याकडे आली. साताऱ्यातून कासकडे जाताना यवतेश्वरचा घाट लागतो. आई मागे बसलेली असली की त्या चढाला गाडी तिशीच्या वर जायचीच नाही. मागून टेम्पो हॉर्न वाजवत यायचे आणि आई माझा खांदा घट्ट धरून बसायची.

एका गॅरेजमध्ये मला सांगितलं, "हलके रोलर टाका, गाडी उडेल." रोलर म्हणजे बेल्टच्या पुढच्या पुलीच्या पोटातली छोटी गोल वजनं. मी ते टाकून घेतले. सिग्नलवरून सुटताना झटका वाढला हे खरं, पण सपाट रस्त्यावर इंजिन आधीपेक्षा जास्त ओरडायला लागलं, अ‍ॅव्हरेज पडलं आणि घाटात फरक नावालाच पडला. पुढे मी स्वतः डावीकडचं कव्हर उघडलं तेव्हा उलगडा झाला. बेल्ट झिजून अरुंद झालेला, मागचा ब्रेक सतत घासत होता आणि एअर फिल्टर मातीने भरलेला. दुखणं तीन ठिकाणी होतं आणि औषध चौथ्याच जागी लावलं होतं.

म्हणून हा लेख. ११० सीसीचं हे इंजिन नवीन असताना जेमतेम ८ हॉर्सपॉवरचं असतं. घरी बसून त्याचे १२ होत नाहीत. पण आठ-दहा वर्षं चाललेल्या स्कूटरचे ते आठही चाकापर्यंत पोचत नसतात. वाटेत हरवलेली ताकद आधी परत मिळवायची आणि मगच, हवा असेल तर, एक छोटा बदल करायचा. हा क्रम उलटा करू नका.

उदाहरणं माझ्या गाडीची आहेत, पण गिअर नसलेल्या बहुतेक १०० ते १२५ सीसी स्कूटरना तीच पद्धत लागू पडते. २०२०च्या सुरुवातीला आलेल्या अ‍ॅक्टिव्हा ६जीपासून कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. तुमची गाडी तशी असेल तर कार्बोरेटरचा भाग सोडून बाकी सगळं करा.

१. पाना उचलण्याआधी: काय करायचं नाही

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. इंजिनची सीसी हा त्यातलाच एक तपशील. त्यामुळे मोठा पिस्टन आणि मोठा सिलिंडर बसवणारी 'बोअर किट' मुळातच बाद. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

सायलेन्सरचंही तेच. आतली जाळी काढलेला किंवा बाहेरून आणलेला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आवाजाच्या आणि प्रदूषणाच्या नियमांत अडकतो. त्याने या इंजिनाची ताकदही वाढत नाही. कार्बोरेटर मूळ सायलेन्सरच्या हिशेबाने बसवलेला असतो. तो हिशेब मोडला की हवा-पेट्रोलचं मिश्रण बिघडतं. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो, तेवढंच.

रोलरचं वजन थोडं बदलल्याने आरसीवरचा कोणताही तपशील बदलत नाही. तरी गाडी वॉरंटीत असेल तर त्यालाही हात लावू नका.

जवळ हे कागद हवेत: आरसी, चालू विमा, ताजी पीयूसी आणि गाडीसोबत मिळालेलं मालकाचं पुस्तक. पुस्तक हरवलं असेल तर तुमच्या मॉडेलचं आणि सालाचं मिळवा. पुढे मी अनेकदा "पुस्तकात पाहा" म्हणणार आहे, कारण नट किती घट्ट करायचा आणि प्लगची फट किती, हे आकडे मॉडेलनुसार बदलतात. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावायचा नाही.

२. साहित्य

८, १०, १२ आणि १४चे पाने, आणि ८-१०चे टी-पाने वेगळे. सॉकेटचा एक बरा संच. प्लगचा पाना. फिलर गेज, म्हणजे प्लगची फट मोजायच्या पातळ पट्ट्या. टायरची हवा मोजायचा स्वतःचा गेज. बेल्टची रुंदी मोजायला व्हर्नियर कॅलिपर, साधा स्टीलचाही चालेल. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा, रोलर तोलायला. ब्रेक क्लीनर, कार्बोरेटर क्लीनर, जुनं सुती कापड, रबरी हातमोजे, चष्मा, मास्क.

दोन गोष्टींवर मात्र पैसे वाचवू नका: पुली धरून ठेवायचं हत्यार म्हणजे पुली होल्डर, आणि नट ठरलेल्या जोराइतकाच घट्ट करायचा पाना म्हणजे टॉर्क रेंच. टॉर्क रेंच विकत घेणं महाग वाटलं तर ओळखीच्या मेस्त्रींकडून दिवसभरासाठी मागून आणा. मी तसंच केलं.

पार्ट घेताना गाडीचं मॉडेल, साल आणि जमलं तर पार्ट नंबर सांगून घ्या. पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या पार्टची दुकानं ओळीने आहेत, तिथे सगळं मिळतं. पण एकाच बेल्टचे तीन भाव ऐकायला मिळतात. बेल्ट आणि ब्रेक शू या दोन वस्तू कंपनीच्याच घ्या, छापील किंमत आणि पार्ट नंबर पाहून. स्वस्तातला बेल्ट घाटात तुटला तर गाडी टोचन करून आणावी लागते, आणि मागे बसलेल्या माणसाला रस्त्याच्या कडेला उभं राहावं लागतं ते वेगळंच.

३. आजची गाडी वहीत लिहून ठेवा

ही पायरी सगळे वगळतात आणि मग "फरक पडल्यासारखा वाटतोय" एवढंच सांगू शकतात.

टाकी पूर्ण भरा, किलोमीटर लिहा. पुन्हा भराल तेव्हा किती लिटर मावलं ते लिहा. असं दोनदा करा, म्हणजे खरं अ‍ॅव्हरेज कळतं. मग रोजच्या ओळखीचा एक चढ निवडा, आणि मागे कोणी असताना व नसताना गाडी तिथे कोणत्या वेगावर टिकते ते लिहा. शक्यतो फोनच्या जीपीएसवरचा वेग घ्या, कारण स्पीडोमीटर थोडा जास्त दाखवतो. फोन खिशात नोंद घेत राहू द्या, आकडे घरी पाहा. रस्ता मोकळा असेल अशी सकाळची वेळ निवडा.

पीयूसीच्या चिठ्ठीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडाही वहीत उतरवा. लोक ती चिठ्ठी डिक्कीत टाकून विसरतात, पण ती फुकटातली तपासणी आहे. मागच्या वेळेपेक्षा आकडा बराच चढला असेल तर इंजिन जास्त पेट्रोल पितंय, म्हणजे फिल्टर चोंदलाय किंवा कार्बोरेटरमध्ये काहीतरी आहे.

घाटवाल्यांसाठी एक गोष्ट. सातारा शहरापेक्षा कासचं पठार काही शे मीटर उंच आहे. वर हवा विरळ, म्हणून इंजिन थोडं कमीच ओढणार. पार्ट बदलून ती घट भरून निघत नाही. तुलना करायची तर त्याच चढाची त्याच चढाशी करा.

४. चाकं मोकळी फिरतात का?

डबल स्टँडवर गाडी लावा, इंजिन बंद. मागचं चाक हाताने फिरवा. मागच्या चाकाला गिअरचा थोडा भार असतो, पण घासण्याचा खर्र आवाज येता कामा नये. माझं चाक अर्धा फेराही पुरा करत नव्हतं. कोणीतरी ब्रेक घट्ट करताना नट जास्त फिरवला होता. म्हणजे कित्येक महिने मी ब्रेक लावूनच घाट चढत होते.

ब्रेकच्या लिव्हरला टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. नट सैल करूनही चाक मोकळं झालं नाही तर ड्रम उघडून शू, स्प्रिंग आणि कॅम (ब्रेक दाबल्यावर शू बाहेर ढकलणारा भाग) साफ करावे लागतात. कॅमच्या दांड्यावर गंज बसला की ब्रेक सोडल्यावर तो मागे फिरत नाही. ड्रममधली धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. ओल्या कापडाने पुसा, मास्क लावून. ड्रमच्या बाहेर झीज दाखवणारा बाण असतो. पूर्ण ब्रेक दाबल्यावर तो खुणेला टेकत असेल तर शू संपलेत. पिकअप वाढवायच्या आधी ते बदला.

हवा: माझ्या गाडीला एकटीने चालवताना पुढे २२ आणि मागे २९ पीएसआय लागते. मागे माणूस बसणार असेल तर मागची वाढवायची, किती ते पुस्तकात पाहा. पंपावरच्या मुलाला नुसतं "हवा भर" म्हटलं की तो स्वतःच्या अंदाजाने भरतो. घरचा गेज घेऊन थंड टायरवर मोजा. १० इंची छोट्या चाकाला कमी हवेचा त्रास फार जाणवतो.

या पायरीला पैसे जवळजवळ लागत नाहीत आणि माझ्या गाडीत सगळ्यात मोठा फरक इथेच पडला.

५. हवा, ठिणगी, पेट्रोल

एअर फिल्टर. अ‍ॅक्टिव्हाचा फिल्टर तेलकट कागदाचा असतो. धूळ चिकटून राहावी म्हणूनच ते तेल असतं. असा फिल्टर साफ करता येत नाही. गॅरेजमध्ये प्रेशरच्या हवेने झटकून परत बसवतात, तेव्हा तेलाचा थर जातो, कागद फाटतो आणि बारीक माती थेट इंजिनात जाते. काळा झाला की बदला. पुस्तकात मुदत दिलेली असते, पण ऊसतोडीच्या दिवसांत किंवा कच्च्या रस्त्यावर गाडी असेल तर त्याआधीच लागतो. फिल्टर काढून गाडी चालवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मिश्रण बिघडतं आणि पिस्टनवर ओरखडे पडतात.

प्लग. इंजिन पूर्ण थंड असतानाच काढा, कारण हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना आटे खराब होतात. टोकाचा रंग बिस्किटासारखा असेल तर उत्तम. काजळीसारखा काळा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पांढराफटक म्हणजे हवा जास्त, कुठेतरी गळती आहे. नवा प्लग पुस्तकात दिलेल्या नंबरचाच घ्या. सुरुवातीचे आटे हातानेच फिरवा, पाना शेवटी. हाताने फिरत नसेल तर तिरका बसलाय. काढा आणि पुन्हा लावा. महागड्या इरिडियम प्लगने ताकद वाढत नाही.

कार्बोरेटर. रेस सोडल्यावर गाडी बंद पडत असेल किंवा रेस देताना अडखळत असेल तरच उघडा. पहिलं काम: पेट्रोलचा पाइप काढण्याआधी आसपास गॅस, देवघरातला दिवा, उदबत्ती, काहीही पेटतं नाही याची खात्री करा. गाडी अंगणात घ्या. मग तीन सावधगिऱ्या.

पायलट स्क्रू म्हणजे मिश्रण कमी-जास्त करणारा छोटा स्क्रू. सोडवण्याआधी तो आत फिरवून हलकेच टेकेपर्यंत किती फेरे जातो ते मोजा, अर्ध्या-पाव फेऱ्यासकट लिहा. परत लावताना तेवढेच फेरे सोडायचे.

जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात, सुई किंवा तार घालू नका. भोक केसभर मोठं झालं तरी अ‍ॅव्हरेज कायमचं जातं. स्प्रे आणि हवा एवढंच वापरा.

वरच्या झाकणाखाली काळ्या रबराचा पातळ पडदा असतो. कार्बोरेटर क्लीनरने तो फुगतो आणि पुन्हा खाचेत बसत नाही. आधी तो काढून बाजूला ठेवा, मग स्प्रे मारा. उजेडात धरून भोक आहे का पाहा. रेस दिली तरी गाडी दमल्यासारखी चालते, त्याचं कारण कित्येकदा हा फाटलेला पडदाच असतो. कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबरालाही वाकवून भेगा शोधा.

पेट्रोलबद्दल दोन शब्द. जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल या इंजिनाला ताकद देत नाही. तो खर्च वाचवा आणि त्यातून बेल्ट घ्या. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. निती आयोगाच्या २०२१च्या अहवालात जुन्या दुचाकींचं अ‍ॅव्हरेज त्याने ३ ते ४ टक्के घटेल असा अंदाज दिलेला आहे. वहीत तेवढी घट दिसली तर गाडीत बिघाड शोधत बसू नका. मात्र जुन्या गाडीचे पेट्रोलचे पाइप कडक झालेत का, चिरा पडल्यात का, हे दर सर्व्हिसिंगला पाहा.

६. तेल

१०W-३० एमबी. माझ्या गाडीत बदलताना ७०० मिलिलिटर बसतं. डब्यावर 'जासो एमबी' (जासो हे जपानी मानक) लिहिलेलं पाहून घ्या. मोटारसायकलचं 'एमए' घेऊ नका. मोटारसायकलचा क्लच तेलात बुडालेला असतो, म्हणून त्या तेलात घर्षण राखलेलं असतं. स्कूटरचा क्लच कोरडा, तिला ते नको. तेल जास्त भरलं तरी इंजिन जड चालतं. मागच्या चाकापाशी गिअरचं वेगळं तेल असतं, ते बहुतेकांनी कधीच बदललेलं नसतं. तेही बदला.

७. व्हेरिएटर उघडणे

आता मुख्य काम. यासाठी एक पूर्ण रविवार ठेवा आणि घाई करू नका.

आधी आत काय चाललंय ते समजून घ्या. डावीकडच्या कव्हरखाली पुढे एक पुली, मागे एक पुली आणि दोघींमध्ये व्ही आकाराचा बेल्ट. पुढची पुली दोन ताटल्यांची. बाहेरची ताटली जागची हलत नाही, तिच्यावर पंख्याची पाती असतात. आतली ताटली पुढे-मागे सरकते, तोच व्हेरिएटर. त्याच्या पोटात सहा रोलर. इंजिनचे फेरे वाढले की रोलर बाहेर फेकले जातात आणि ताटलीला ढकलतात. ताटल्या जवळ आल्या की बेल्ट वर चढतो, म्हणजे गाडी वरच्या गिअरला जाते. मागची पुली त्याच वेळी स्प्रिंगच्या विरोधात उघडते. बेल्ट झिजून अरुंद झाला की तो ताटल्यांमध्ये खोल बसतो आणि वरपर्यंत चढत नाही, त्यामुळे टॉपचा वेग जातो. रोलर गोल न राहता एका बाजूने चपटे झाले की ते सरकत नाहीत, अडखळतात. गाडी विशिष्ट वेगाला अडकल्यासारखी वाटते ती यामुळे.

कव्हर. इंजिन थंड, किल्ली खिशात. किकचा दांडा काढा. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्या-त्या जागी भोकं पाडा आणि प्रत्येक बोल्ट त्याच भोकात खोचून ठेवा. लांब बोल्ट चुकीच्या भोकात गेला तर केसिंगला तडा जातो. कव्हर अडलं तर पेचकस घालून उपटू नका, रबरी हातोडीने हलके ठोका. आत काळी भुकटी दिसेल, ती बेल्टची. पुसून घ्या. पण तेल दिसलं तर थांबा. ऑइल सील गेलंय. ते मेस्त्रींकडून बदलून घेतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही, नवा बेल्टही तेलावर घसरणार.

पुढचा नट. बाहेरची ताटली पुली होल्डरने धरा आणि नट सोडवा. पंख्याच्या पात्यांमध्ये पेचकस अडकवून पुली थांबवायची सवय अनेकांना असते. पाती तुटतात. तुटलेल्या पात्यांची ताटली डगमगते आणि कव्हरच्या आत थंड हवाही नीट फिरत नाही. काही काढण्याआधी फोटो काढा: वायसर कोणत्या क्रमाने आहेत, बेल्टवरची अक्षरं कोणत्या बाजूने वाचता येतात.

तपासणी. बेल्टची रुंदी व्हर्नियरने तीन जागी मोजा आणि पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून पाहा. मर्यादेच्या जवळ असेल तरी बदला. बेल्ट उलटा वाकवून दातांच्या मुळाशी भेगा पाहा. रोलर एकेक करून टेबलावर गडगडत सोडा. चपटा असेल तो अडतो. एक चपटा निघाला तरी सहाही बदला. व्हेरिएटरच्या मागच्या प्लेटवर तीन प्लॅस्टिकचे गाइड असतात, ते सैल झाले की आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, खडखड येते. ते स्वस्त आहेत, सोबतच बदला. ताटल्यांवर बेल्टच्या घर्षणाने पायरी पडली असेल, नखाला लागत असेल, तर ताटलीही संपली.

स्वच्छता. ताटल्यांचे बेल्ट लागणारे चेहरे ब्रेक क्लीनरने पुसा आणि नंतर त्यांना बोट लावू नका. बेल्टला किंवा या चेहऱ्यांना ग्रीसचा थेंबही लागता कामा नये. रोलरना ग्रीस लावायचं की नाही हे मॉडेलवर ठरतं, पुस्तकात पाहा. अंदाजाने भरलेलं ग्रीस फेकलं जातं आणि बेल्टवर येतं.

परत बसवताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हा सापळा फार वाईट, म्हणून सावकाश वाचा. बेल्ट घट्ट ताणलेला असताना पुढची ताटली लावली, तर ती मधल्या बुशला (शाफ्टवर बसणाऱ्या नळीला) न टेकता बेल्टवरच टेकते. नट घट्ट झाल्यासारखा लागतो. पण गाडी चालू केल्यावर बेल्ट सरकतो, नट सैल होतो आणि ताटली शाफ्टचे दाते खाऊन टाकते. मग इंजिन पूर्ण उघडून क्रँक बदलण्याची वेळ येते.

ते टाळायला आधी मागची पुली दोन्ही हातांनी उघडून बेल्ट तिच्यात खोल दाबा. मग पुढच्या बाजूला बेल्ट सैल पडतो. तो बुशवर खाली ठेवून ताटली लावा. ताटली पूर्ण आत गेली की नटसाठी शाफ्टचे आटे पुरेसे बाहेर दिसतात. उघडण्याआधीच्या फोटोशी ताडून बघा. कमी दिसत असतील तर काढा आणि पुन्हा करा. नट आधी हाताने, मग टॉर्क रेंचने पुस्तकातल्या आकड्याइतका. शेवटी पुढची पुली हाताने सावकाश फिरवून बेल्ट दोन्ही पुलींवर सरळ धावतोय ना ते पाहा.

कव्हर काढलेलं असताना इंजिन चालू करून "बेल्ट कसा फिरतो" ते पाहण्याचा मोह होतो. करू नका. साडीचा पदर, ओढणी, मोकळे केस या कामात आसपासही नकोत.

८. मागचा क्लच: कुठे थांबायचं

क्लचची बाहेरची वाटी काढून शू किती उरलेत ते पाहता येतं. वाटी आतून निळसर झाली असेल तर क्लच घसरून तापलाय. शू चकाकत असतील तर खडबडीत पॉलिश पेपरने हलके घासा, मास्क लावून. इथपर्यंत घरी ठीक.

वाटी काढल्यावर क्लचच्या मधोमध दिसणारा मोठा नट मात्र घरी उघडू नका. त्याच्या आत मोठी स्प्रिंग दाबून बसवलेली असते, आणि दाबून धरणारं खास हत्यार नसेल तर नट सुटताच ती तोंडावर उडते. हे काम मेस्त्रींचं.

९. रोलरचं वजन, हवं असेल तरच

इथपर्यंत सगळं करून गाडी किमान ३०० किलोमीटर चालवा, वही भरा. तुमचं समाधान कदाचित इथेच होईल. तरीही चढालाच जास्त जोर हवा असेल तर ही पायरी.

हलके रोलर ताटलीला उशिरा ढकलतात. त्यामुळे इंजिन जास्त फेऱ्यांवर राहतं, खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ ओढतं. चढाला आणि दोघांना घेऊन निघताना फायदा. बदल्यात सपाट रस्त्यावर आवाज आणि पेट्रोल वाढतं. जड रोलर याच्या उलट. हमरस्त्यावर रोज लांब जाणाऱ्याने हलके रोलर घेऊ नयेत.

जुने सहा रोलर काट्यावर तोला. झिजलेला रोलर हलका भरतो, म्हणून मूळ वजन नव्या कंपनीच्या रोलरवरून घ्या. त्यापेक्षा प्रत्येकी साधारण १ ग्रॅमने हलका संच पुरे. त्याहून खाली जाऊ नका. मला गॅरेजमध्ये बसवलेले यापेक्षा बरेच हलके होते, म्हणूनच ६०ला इंजिन किंचाळायचं. मधला टप्पा हवा असेल तर तीन मूळ आणि तीन हलके, एकाआड एक बसवा, म्हणजे तोल राहतो. सहाही नवे काट्यावर तपासा. पुडक्यावर लिहिलेल्या वजनावर विसंबू नका. एका वेळी फक्त रोलर बदला. सोबत स्प्रिंगही बदलली तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

मी शेवटी तीन-तीनचा मिश्र संच ठेवला. यवतेश्वरच्या त्याच वळणावर, आई मागे असताना, गाडी आता चाळिशीच्या आसपास टिकते. पूर्वी तीस. त्यातली बहुतेक वाढ ब्रेक, फिल्टर आणि बेल्टने आली होती, रोलरने शेवटचं थोडंसं. अ‍ॅव्हरेज रोलरनंतर जरा कमी झालं. घाटासाठी मी ते चालवून घेते.

१०. काम झाल्यावर

पहिले पाच किलोमीटर घराजवळच्या रस्त्यावर, एकट्याने, कमी वेगात. जळका वास, नवी खडखड किंवा डावीकडून शिट्टीसारखा आवाज आला तर परत फिरा. १०० किलोमीटरनंतर कव्हर पुन्हा उघडा आणि पुढच्या नटावर टॉर्क रेंच लावून पाहा. पहिल्यांदा काम करणाऱ्याने ही तपासणी टाळू नये.

पीयूसी नव्याने काढा आणि जुन्या चिठ्ठीशेजारी वहीत चिकटवा. काढलेले रोलर चांगले असतील तर पिशवीत घालून, वजन लिहून डिक्कीत नाही, घरी ठेवा. आणि कव्हर शेवटचं बंद करण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, किलोमीटर आणि बेल्टची मोजलेली रुंदी लिहा. पुढच्या वेळी कव्हर तुम्ही उघडा नाहीतर मेस्त्री उघडोत, ते आकडे समोरच असतील.